माँ ब्लाँ उजवा घालून: बारा दिवसांची डोंगरफेरी

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालायची, ही आमच्या घरची जुनी रीत. पहाटे कुशावर्तावर स्नान करायचं, अंधारातच अनवाणी चालू पडायचं, पहिन्याच्या बाजूने डोंगराला वळसा घालायचा आणि चिखलाने माखलेल्या पायांनी पुन्हा त्र्यंबकेश्वरात यायचं. साधारण २० किलोमीटर. डोंगरावर चढून जाणं त्यात नसतंच. लहानपणी मला वाटायचं, सगळीकडे डोंगर असेच बघतात.

माझी मोठी नणंद (आम्ही सगळेच त्यांना ताई म्हणतो) लग्नानंतर जर्मनीत गेल्या, त्याला आता तीस वर्षं होतील. तेव्हापासून त्यांची फेरी चुकली ती चुकलीच. परवाच्या दिवाळीत त्यांचा फोन आला. "अगं, इकडेही एक फेरी आहे. पण बारा दिवसांची. येतेस?"

ती फेरी म्हणजे माँ ब्लाँच्या भोवतीची वाट. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारी, सुमारे १७० किलोमीटरची, आणि सगळे चढ एकावर एक रचले तर १०,००० मीटरच्या आसपास जाणारी. माँ ब्लाँ म्हणजे पांढरा डोंगर. इटलीत त्यालाच मोंते बियांको म्हणतात, अर्थ तोच. माथ्यावर बर्फाची जाड टोपी असल्यामुळे त्याची उंची दर मोजणीत थोडी बदलते. २०२३ साली ती ४,८०५.५९ मीटर भरली.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. बहुतेक लोक ही वाट घड्याळाच्या उलट दिशेने करतात, म्हणजे डोंगर सतत डाव्या हाताला राहतो. मी ताईंना म्हटलं, "फेरी म्हणता ना? मग डोंगर उजवा घालूनच जायचं." ताई क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी उभा चढ पडेल." "पडू दे," मी म्हटलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही शामोनीत पोचलो.

आदला दिवस: शामोनी

शामोनीच्या चौकात एक पुतळा आहे. हात उंचावून शिखर दाखवणारा तो जाक बालमा आणि त्याच्या शेजारी शास्त्रज्ञ सोस्यूर. ८ ऑगस्ट १७८६ रोजी बालमा आणि मिशेल-गाब्रिएल पाकार हे गावातले डॉक्टर यांनी पहिल्यांदा माँ ब्लाँचा माथा गाठला. सोस्यूरने त्याच्या कितीतरी आधी, १७६० मध्ये, वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं होतं. पुतळा १८८७चा, पण त्यात डॉक्टर पाकार नाहीतच. त्यांचा पुतळा उभा राहायला पहिल्या चढाईनंतर २०० वर्षं जावी लागली. मी दोन्हीकडे जाऊन आले. १८०८ साली मारी पारादी ही शामोनीची एक कामकरी बाई माथ्यावर जाणारी पहिली स्त्री ठरली, हे ताईंनी सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात जो अभिमान होता, तो माहेरच्या कुणाबद्दल बोलावं तसा होता.

दिवस १: ले ऊश ते बेलाशा

ले ऊश १,००७ मीटरवर, बेलाशाचं रेफ्यूज २,१५२ मीटरवर. रेफ्यूज म्हणजे डोंगरातली मुक्कामाची जागा: वर एकाशेजारी एक गाद्या, खाली जेवणघर. सकाळी सातला गावातल्या हौदातून बाटल्या भरल्या आणि निघालो. सूचिपर्णी झाडांच्या सावलीतून नागमोडी वाट, मग येशूचा उंच पुतळा, मग झाडं विरळ होत जातात आणि लाल-गुलाबी फुलांची झुडपं सुरू होतात. हिमालयातल्या बुरांशच्या कुळातली ही आल्प्समधली जात साधारण गुडघ्याएवढीच दिसते. ताई पुढे, मी मागे. त्यांचं वय ५८. पावलं लहान टाकत होत्या, पण थांबत नव्हत्या. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका फेरीत अशाच चालतात.

दुपारी रेफ्यूजच्या अंगणात लाकडी बाकावर बसलो आणि समोर बघितलं. दरीच्या पलीकडे, हात लांबवला तर लागेल असं वाटावं इतका जवळ, माँ ब्लाँ. त्याच्या माथ्यावरून निघून थेट गावाच्या दिशेने उतरणारी बर्फाची जीभ म्हणजे बोसाँची हिमनदी. इथे मला काही सांगायचं आहे, कारण या हिमनदीत आपली माणसं आहेत.

२४ जानेवारी १९६६. मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७०७, नाव 'कांचनजंगा', जिनिव्हाला उतरायच्या तयारीत असताना या डोंगराच्या माथ्याजवळ आदळलं. माँ ब्लाँ मागे पडला आहे, असा वैमानिकाचा समज झाला होता. विमानात ११७ जण होते आणि कुणीही वाचलं नाही. त्यांत डॉ. होमी भाभा होते. व्हिएन्नाला बैठकीसाठी निघाले होते. त्याआधी ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' याच डोंगरावर कोसळलं होतं, ४८ माणसांसकट. हिमनदी म्हणजे अतिशय सावकाश वाहणारी नदीच. वर जे गिळते ते अनेक दशकांनी खाली आणून ठेवते. २०१२ मध्ये तिने भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची थैली बाहेर दिली. २०२० मध्ये खालच्या एका उपाहारगृहाच्या मालकाला वर्तमानपत्रांचा ओला गठ्ठा सापडला. त्यात 'नॅशनल हेराल्ड'चे अंक होते, आणि मथळा इंदिरा गांधींच्या निवडीचा. इंदिराबाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली तो दिवसही २४ जानेवारीच.

ताईंनी पिशवीतून साखरफुटाण्याची पुडी काढली, चार दाणे कठड्यावर ठेवले आणि हात जोडले. रेफ्यूजमधली काम करणारी मुलगी ते बघत होती. तिने काही विचारलं नाही. थोड्या वेळाने येऊन तिने दुर्बीण आमच्या हातात दिली आणि हिमनदीचा वरचा भाग बोटाने दाखवला.

रात्री अडीचला जाग आली म्हणून बाहेर गेले, तर समोरच्या अंधारात, खूप उंचावर, ठिपक्यांची एक ओळ हलत होती. गुतेच्या वाटेने शिखराकडे निघालेल्या गिर्यारोहकांचे डोक्यावरचे दिवे. ३,८३५ मीटरवर गुतेचं रेफ्यूज आहे, तिथून ते निघतात. त्याच्या खाली एक घळ पार करावी लागते आणि वरून सतत दगड सुटतात. माणसं तिथे दरवर्षी जातात, काही परत येत नाहीत. मी ती ओळ बराच वेळ बघत उभी राहिले. थंडीने बोटं आखडली तेव्हा आत आले.

जायचा विचार असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवा: रेफ्यूजचं आरक्षण आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच सुरू होतं आणि चांगल्या जागा झपाट्याने भरतात. रात्रीचं जेवण आणि नाश्त्यासकट माणशी साधारण ६० ते ८० युरो धरा, स्वित्झर्लंडमध्ये थोडे जास्त. शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच कळवा, पोचल्यावर सांगून उपयोग नाही. पांघरुणं तिथे मिळतात, पण आत घालायची पातळ कापडी पिशवी आपली आपण न्यावी लागते. बूट दारातच काढायचे. हे आपल्याला शिकवायला नको, पण तिथे ते जितक्या कडकपणे पाळतात ते बघून मला बरं वाटलं.

दिवस २ आणि ३: ब्रेवाँ, फ्लेझेर, त्रे-ल-शाँ

ब्रेवाँचा माथा २,५२५ मीटर. कळसूबाई १,६४६. आपल्या सर्वांत उंच शिखराच्या उंचीवर इथे गाई चरत असतात, हे मनाला पटायला दोन दिवस लागले. ब्रेवाँच्या पलीकडच्या उतारावर जूनअखेरचा बर्फ अजून होता, मळकट आणि दाणेदार. सकाळी तो काचेसारखा कडक असतो आणि दुपारी भुसभुशीत होतो. दोन काठ्या नसत्या तर माझं काही खरं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लाक ब्लाँ या तळ्याकडे जाताना वाटेच्या मधोमध एक आयबेक्स, म्हणजे आल्प्समधला रानबोकड, उभा होता. मागे वळलेली, गाठीगाठींची मोठी शिंगं. आम्ही थांबलो. तो दगडावर जमलेले क्षार चाटत राहिला. शिकारीमुळे ही जात आल्प्समधून जवळजवळ नाहीशी झाली होती. इटलीतल्या ग्रान पारादीसोच्या राजाच्या राखीव जंगलात थोडे उरले आणि तिथून पुन्हा पसरले. ते जंगल १९२२ साली इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आमच्या समोरचा आयबेक्स आठ-दहा हातांवर होता आणि त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती.

इथल्या लोखंडी शिड्यांबद्दल आधीच सांगते. फ्लेझेरकडून त्रे-ल-शाँला उतरताना उभ्या कातळावर एकामागून एक शिड्या आहेत. उलट्या दिशेने येणारे त्या चढतात, आम्हाला उतरायच्या होत्या आणि तेच अवघड. पाठीवर दहा किलो, पाऊस आलेला. ताई म्हणाल्या, "हट्ट नको." कोल दे माँते या खिंडीवरून शिड्या टाळून जाणारी वाट आहे. तासभर जास्त लागला, पण पाय जमिनीवर होते. हवा ओली असेल तर तुम्हीही तेच करा.

दिवस ४ आणि ५: कोल द बाल्म, त्रियाँ, शांपे

चौथा दिवस पूर्ण ढगात गेला. कोल द बाल्मच्या खिंडीत फ्रान्स संपतो आणि स्वित्झर्लंड सुरू होतो. ढगात तिथे एक दगड आणि वारा, बाकी काही दिसलं नाही. कुणी पासपोर्ट विचारत नाही. ताई एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तीस वर्षांपूर्वी व्हिसाच्या रांगेत सहा तास उभी होते." बस, एवढंच.

त्रियाँ म्हणजे गुलाबी रंगाचं चर्च आणि चार घरं. गावाच्या वर त्रियाँची हिमनदी. एकोणिसाव्या शतकात तिथला बर्फ कापून शहरांत विकायला नेत असत. आता ती हिमनदी इतकी मागे सरकली आहे की तिच्या जागी उघडा करडा कातळ दिसतो. पुढच्या दिवसांत हे पुन्हा पुन्हा बघितलं. रेफ्यूजच्या भिंतीवर जुने फोटो असतात, त्यात बर्फ कुठवर आहे ते पाहायचं आणि मग खिडकीतून बाहेर बघायचं.

स्वित्झर्लंडमध्ये वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नसतं, वेळेत असतं. शांपे, चार तास दहा मिनिटं. मला ते फार योग्य वाटलं. डोंगरात पाच किलोमीटर म्हणजे काय, ते चढावर ठरतं. आम्हाला मात्र प्रत्येक पाटीत पाऊण तास मिळवावा लागे.

बोव्हिनच्या कुरणावर पोचलो तेव्हा ऊन पडलं. काळ्या, आखूड पायांच्या, रुंद कपाळाच्या एराँस गाई. या गाई स्वतःच एकमेकींशी शिंगं लावून कळपाची राणी ठरवतात. त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज दरीभर. तिथल्या गोठ्याशेजारी फळांचा टार्ट आणि ताक मिळालं. ताक आपल्यासारखं नव्हतं, घट्ट आणि आंबट, पण त्यात मीठ घालून प्यायलो आणि ताईंनी डोळे मिटले.

त्या दोन दिवसांत माँ ब्लाँ दिसलाच नाही. या बाजूने इतर शिखरं त्याला पूर्ण झाकतात. ब्रह्मगिरीच्या फेरीतही असंच होतं. मधल्या पट्ट्यात भातखाचरं, झाडी, गावं, आणि ज्याच्यासाठी निघालो तो डोंगर कुठे आहे ते विसरायला होतं. तरी उजवा खांदा त्याच्याकडेच असतो.

दिवस ६: शांपे ते ला फूली

हा सगळ्या फेरीतला सर्वांत सोपा दिवस, दरीतून गावागावांतून जाणारा. इथली जुनी लाकडी कोठारं चार पायांवर उभी असतात आणि प्रत्येक पाय व कोठार यांच्यामध्ये एक चपटा गोल दगड बसवलेला असतो. उंदीर पायावरून वर चढतो, दगडाच्या खालून उलटं लटकून पुढे जाऊ शकत नाही, धान्य सुरक्षित. कणगीला शेण-मातीने लिंपणाऱ्या आपल्या बायकांना ही युक्ती लगेच समजली असती.

आणि याच सोप्या दिवशी, प्राझ-द-फोरच्या डांबरी रस्त्यावर, ताईंच्या उजव्या बुटाचा तळ निघाला. आधी पुढून जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबला, मग दहा पावलांत अख्खा सुटला. बूट चांगला होता, पण आठ वर्षांपूर्वी घेतलेला आणि बहुतेक काळ कपाटात पडून. आतला फेसाचा थर न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. वरून काही कळत नाही, आणि चालायला लागलं की भुगा होतो. तुमच्याकडे जुने बूट असतील तर जायच्या महिनाभर आधी ते घालून ओझ्यासकट दोन दिवस चाला. हे मी सगळ्यांत कळकळीने सांगते आहे.

आम्ही रस्त्याच्या कडेला बसून रुमालाने बांधायचा प्रयत्न करत होतो. समोरच्या परसातून एक आजीबाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, हातात पाण्याची झारी. त्यांना फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं आणि आम्हाला फ्रेंच येत नव्हतं. त्यांनी बुटाकडे पाहिलं, आत गेल्या आणि गवताच्या गाठी बांधायची निळी दोरी घेऊन आल्या. मग चक्क रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या, ताईंचा पाय मांडीवर घेतला आणि टाचेमागून, घोट्याभोवती, पुन्हा तळव्याखालून, असे सहा वेढे देऊन गाठ मारली. गाठीचं टोक दातांनी तोडलं. ताई अवघडून गेल्या, "अहो, पायाला हात नका लावू," असं मराठीत म्हणाल्या. आजीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. निघताना त्यांनी परसातल्या झाडाची चार जर्दाळं दिली, हंगामातली पहिली. आपल्याकडे जर्दाळू म्हणजे सुकामेवा. झाडावरून काढलेलं, उन्हाने कोमट झालेलं जर्दाळू मी जन्मात पहिल्यांदा खाल्लं.

त्या दोरीवर ताई ला फूलीपर्यंत चालल्या. गावातल्या दुकानात नवे बूट घेतले. महाग पडले, पण दुसऱ्या दिवशीची खिंड दोरीवर पार करणं शक्य नव्हतं.

दिवस ७: ग्राँ कोल फेरे

पहाटे पाचला निघालो, कारण दुपारी गडगडाटाचा अंदाज होता. आल्प्समध्ये उन्हाळ्यातलं गणित असं: सकाळ स्वच्छ, दुपारी ढग, चारच्या सुमारास वीज. खिंड दुपारच्या आत पार करायची. नव्या बुटांनी ताईंच्या टाचा पहिल्या तासातच सोलल्या, पट्ट्या लावून त्या चालत राहिल्या. साडेनऊला २,५३७ मीटरवरच्या खिंडीत पोचलो, फेरीतल्या नेहमीच्या वाटेवरची ही सर्वांत उंच जागा. पलीकडे इटली. पण ढग त्या दिवशी अंदाजाच्या आधीच आले होते.

उतरायला लागलो तोच गारा सुरू झाल्या. हरभऱ्याएवढ्या, मग सुपारीएवढ्या. वीज समोरच्या कड्यावर पडली, प्रकाश आणि आवाज यांत अंतरच नव्हतं. काठ्या पाठपिशवीला बांधल्या आणि एकमेकींपासून वीस पावलांचं अंतर ठेवून भराभर उतरलो. एलेनाच्या रिफ्युजिओचं दार उघडलं तेव्हा आत तीसेक माणसं भिजून उभी होती आणि सगळ्यांच्या अंगातून वाफ निघत होती. (सीमा ओलांडली की रेफ्यूजचं रिफ्युजिओ होतं.) कोणीतरी आम्हाला शेगडीजवळ सरकवलं. पोलेंता आला, म्हणजे मक्याच्या कण्याच, घट्ट शिजवलेल्या, वर वितळलेलं फोंतिना चीज. ताईंनी शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली. टेबलावरच्या एका इटालियन काकांनी चिमूटभर मागितली, मग अजून चिमूटभर.

पाऊस थांबल्यावर बोनात्तीच्या रिफ्युजिओपर्यंत गेलो. वॉल्टर बोनात्ती (१९३०–२०११) हे इटलीचे मोठे गिर्यारोहक. १९५५ मध्ये शामोनीच्या वरच्या ड्रू शिखराचा खांब त्यांनी एकट्याने चढला होता. भिंतीवर त्यांचे फोटो आहेत. समोर ग्राँद झोरास या शिखराची भिंत, ढगांतून तुकड्यातुकड्याने दिसणारी.

दिवस ८ आणि ९: कूरमायर आणि एलिझाबेत्ताचं रिफ्युजिओ

बोनात्तीहून निघालेली वाट डोंगराच्या कुशीतून जवळजवळ सपाट जाते. फेरीतला सर्वांत सुंदर टप्पा कोणता असं विचारलं तर मी हाच सांगेन. तीन-चार तास डाव्या हाताला गवत आणि उजव्या हाताला दरीपलीकडे अख्खी पर्वतरांग. आणि एका वळणावर ताई थांबल्या. "तो बघ, आला." चार दिवसांनी माँ ब्लाँ. पण हा तो नव्हताच. शामोनीकडून तो गोल, शांत, पांढरा दिसतो, साईच्या गोळ्यासारखा. इटलीच्या बाजूने तो काळा आहे, कडे आणि सुळके आणि मध्ये लोंबणारा बर्फ. नाव माहीत नसतं तर मी दुसराच डोंगर म्हटला असता.

कूरमायरमध्ये कपडे धुतले, आइस्क्रीम खाल्लं, ताईंच्या टाचांना अर्धा दिवस दिला. गावाजवळ ११.६ किलोमीटरच्या बोगद्याचं तोंड आहे. १९६५ साली सुरू झालेला तो बोगदा डोंगराच्या पोटातून थेट शामोनीला जातो. आम्ही आठ दिवस चालून जिथे आलो होतो तिथे गाडी काही मिनिटांत पोचते. ताईंना ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, "गाभाऱ्यातून जाणं वेगळं."

पैशांबद्दल: स्विस टप्प्यासाठी फ्रँक जवळ ठेवा. युरोपचं सिमकार्ड घेतलंत तर ते स्वित्झर्लंडमध्ये चालतं का ते आधी विचारा, पुष्कळदा चालत नाही किंवा जबर पैसे कापतं. विमा घेताना डोंगरातून हेलिकॉप्टरने सोडवण्याचा खर्च त्यात आहे ना ते वाचून घ्या. आणि ऑगस्टच्या अखेरचा आठवडा टाळा. २००३ पासून तेव्हा याच वाटेवर धावण्याची शर्यत असते, आणि सगळ्यांत पुढचे धावपटू ही अख्खी फेरी वीस तासांच्या आसपास संपवतात.

दिवस १०: कोल द ला सेन्य

२,५१६ मीटर. पुन्हा इटलीतून फ्रान्समध्ये. खिंडीत बर्फाचा एक लांबट तुकडा शिल्लक होता, आपल्या ओसरीएवढा. मी त्याच्या कडेला उकिडवी बसले. खालून थेंब थेंब पाणी सुटत होतं. एक धार पूर्वेकडे वळत होती, करंगळीएवढी. दोन हातांवर दुसरी धार पश्चिमेकडे. पूर्वेची दोरा बाल्तेआला मिळून पो नदीतून एड्रियाटिकला जाणार, पश्चिमेची इझेरमधून ऱ्होनला आणि तिथून भूमध्य समुद्राला.

मी ताईंना हाक मारली. "ताई, गोदावरी आणि वैतरणा." त्याही शेजारी बसल्या. त्र्यंबकच्याच डोंगरांतून गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते आणि वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे. शाळेत भूगोलात पाठ केलेलं हे. एका बर्फाच्या दोन बाजूंना बोट लावून बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मागून आलेलं जोडपं आम्ही काय शोधतो आहोत ते बघायला वाकलं, मग तीही दोघं बसली.

दिवस ११: कोल द्यू बोनोम

खाली ले शापियमध्ये बोफोर चीज खाऊन झोपलो आणि सकाळी पुन्हा ९०० मीटर वर. क्र्वा द्यू बोनोमपासून खिंडीपर्यंतच्या आडव्या वाटेवर बर्फाचे तीन पट्टे होते, उजव्या हाताला चढ, डाव्या हाताला घसरगुंडी. प्रत्येक पट्ट्यात आधीच्या लोकांच्या पावलांचे खळगे होते. ताई पुढे जाऊन टाचेने ते खोल करत होत्या, मग मी. दीडशे पावलांना चाळीस मिनिटं लागली. जुलैच्या मध्याआधी जाणार असाल तर बुटांना लावायचे छोटे लोखंडी काटे न्या. आम्ही नेले होते म्हणून पार झालो.

पलीकडच्या उतारावर मेंढ्यांचा कळप आणि त्यात मोठा पांढरा राखणदार कुत्रा. लांडग्यांपासून कळप राखायला ठेवलेले हे कुत्रे आपल्या कळपाच्या मधून कुणाला जाऊ देत नाहीत. काठी उगारायची नाही, पळायचं नाही, थांबायचं आणि लांबून वळसा घ्यायचा. तो आमच्याबरोबर शंभर पावलं चालत आला आणि मग परत फिरला. उताराच्या शेवटी रोमन काळापासूनची म्हणवली जाणारी फरसबंद वाट आहे. गुडघ्यांनी तिथे कुरकुर सुरू केली. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सांगते: तिथे चढ आपल्याला फार वाटत नाही, सलग हजार मीटरचा उतार वाटतो.

दिवस १२: बिओनासे आणि पुन्हा ले ऊश

शेवटची खिंड कोल द त्रिको, गवताळ आणि उभी. मग बिओनासेच्या हिमनदीच्या पाण्यावरचा झुलता पूल. खाली दुधासारखं करडं पाणी, दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज. पूल पार केला की मोठे चढ संपले.

दुपारी चारला ले ऊशच्या हौदापाशी आलो. बारा दिवसांपूर्वी जिथे बाटल्या भरल्या होत्या तिथेच. ताईंनी ओंजळीने पाणी प्यायलं, तोंडावर मारलं आणि वर बघितलं. डोंगर ढगात होता. तरी त्यांनी त्या दिशेला नमस्कार केला. मग म्हणाल्या, "श्रावणातला तिसरा सोमवार किती तारखेला येतो गं?"

त्या आल्या. पहाटे तीनला आम्ही कुशावर्तावर होतो, पाऊस भुरभुरत होता आणि गर्दीत हर हर महादेव चाललं होतं. ला फूलीत घेतलेले बूट त्यांनी पायांतून काढले, त्यांत मोजे कोंबले आणि गाडीच्या सीटखाली सरकवले. घाटाच्या पायरीवर पाय ठेवताना म्हणाल्या, "टाचा बऱ्या झाल्यात." आणि अनवाणी चालायला लागल्या.